एकतीस नंबरचा पट्टा

सोमवार, १२ जानेवारी

या महिन्यातला हा दुसरा खाडा. काजल आली नाही आणि तिचा नंबर पुन्हा माझ्याच गळ्यात. काहून, तर तिची मशीन माझ्या बाजूची. महिन्याला एक खाडा माफ आहे, दुसरा झाला की कायम होणाऱ्यांच्या यादीतून नाव खाली जाते. म्हणून आमी पंधरा बायांनी ठरवून ठेवलं, एखादी नाही आली तर बाजूचीनं तिच्या नावापुढं हजेरीची सही ठोकायची आणि तिच्या नंबराचे पट्टे शिवून टाकायचे. याले आमी नंबर चालवणं म्हणतो. माझ्या पोरीले, दीक्षाले डेंगू झाला तेव्हा दुसऱ्या बाजूच्या जिजाबाईनं माझा नंबर पाच दिवस चालवला, ते मी विसरली नाही. पण काजल तेवीस वर्षाची धडधाकट पोट्टी. तिले सोमवारीच कोणता रोग होते?

माझा नंबर चौदा, तिचा एकतीस. माझे तीस पट्टे आणि तिचे तीस. हे पट्टे काही शाळेच्या दप्तराचे नाही. फौजेची आठ चाकांची गाडी असते, तिच्यात जवान बसतात त्या सीटचे. पट्ट्याचं टोक लोखंडी कड्यातून काढून मुडपायचं, त्यावर चौकोन मारायचा, चौकोनात फुली. मंग नंबराचं लेबल आणि तारखेचा शिक्का.

दुपारनंतर धागा तुटायले लागला. सुई बोथट झाली होती. नवी सुई पाहिजे तर जुनी मार्तंडभाऊले दाखवा, वहीत सही करा, मंग ते कपाट उघडणार. मार्तंडभाऊ आमचे इनचार्ज, फौजेतून रिटायर झालेले. आज ते पाहुण्यांसंगं आवारात फिरून राहिले होते आणि चाबी त्याईच्या खिशात. मी दोनदा आवाज दिला. म्हणे, थांबा ताई, दहा मिनिटं. त्याईचे दहा मिनिटं मले चांगले माहीत आहे. मशीनवर धागा ताणून धरते तो स्क्रू मी ढिला केला. मंग तुटला नाही. माझे झालेच होते, तिचे बावीस बाकी होते, ते साडेपाचच्या आत काढून टाकले आणि बस पकडली. मागून टाका जरा सैल दिसत होता. चेकिंग कशासाठी ठेवलं आहे मंग.

ही डायरी दीक्षानं आणून दिली. म्हणे आई, राग आला की यात लिही, आमच्या डोक्यावर नको फोडू. चौथी पास बाईले डायरी.

मंगळवार, १३ जानेवारी

आली महाराणी. बुटाले माती, डब्यात भिजवलेले चणे. दोन पायऱ्या चढायच्या तर कठडा धरून चढून राहिली होती.

मी म्हटलं, "कुठं लोळून आली वं?"

"काम होतं मावशी."

"मले सांगशील का नाही? मी तुह्या कामाची हमाल आहे का?"

"सांगीन. झालं की पहिले तुमालेच सांगीन."

"लग्नबिग्न करून राहिली का कोणासंग?"

साऱ्या हसल्या. तीही हसली आणि मूठभर चणे माझ्या डब्यात टाकले. या वयात हिचे पाय दुखतात. आमी या वयात डोक्यावर विटा वाहिल्या.

शनिवार, १७ जानेवारी

आज गाडी पाह्यली. तीन वर्षं झाले पट्टे शिवून राहिलो, पण गाडी कशी असते ते कोणीच पाह्यलं नव्हतं. सीटा बसवून पाहायच्या होत्या म्हणून ट्रेलरवर टाकून आमच्या आवारात आणली. मार्तंडभाऊ म्हणे, या बायांनो, तुमचं काम कुठं जाते ते पाहून घ्या.

चाक माझ्या छातीएवढं. एका बाजूले चार. जिजाबाई म्हणे, "हे पंक्चर झालं त काढते कोण?"

मार्तंडभाऊ म्हणे आत कडक रबराचं दुसरं कडं असते, टायरले गोळी लागली तरी गाडी थांबत नाही. त्याईच्या वेळी रणगाड्यासारखी साखळीची गाडी होती. साखळी चिखलात, वावरात चांगली, पण शहरात तिचा काय उपयोग, साखळी तुटली की गाडी जागेवर बसते. चाकाची गाडी रस्त्यानं पळते. म्हणून आता शहरातल्या लढाईले ह्या गाड्या.

मागचा दरवाजा पुलासारखा खाली पडते. आत पाच-पाच सीटा समोरासमोर, जमिनीले टेकलेल्या नाही, टांगलेल्या. खाली सुरुंग फुटला तर जमिनीचा धक्का सरळ पाठीच्या कण्यात जाते, टांगलेल्या सीटमध्ये तितका जात नाही. पण माणूस सीटले घट्ट बांधलेला पाहिजे. मले बसवलं, चार पट्टे लावले, पोटावरच्या गोल बटनावर हात मारा म्हणे. मारला. चारही सुटले.

"गल्लीत उतरायचं असलं ना ताई, तर मोजून काही सेकंद भेटतात," मार्तंडभाऊ म्हणे. "तेवढ्यात दहा जण बाहेर पाहिजे. पट्टा सुटला नाही तरी माणूस मेला, नको तेव्हा सुटला तरी मेला."

माझ्या सीटच्या पट्ट्यावर सहा नंबरचं लेबल होतं. बाकीचे मी पाह्यले नाही.

मंग त्याईनं मोबाइलवर लढाईचा व्हिडिओ दाखवला. देश कोणता ते सांगतलं नाही. अशीच गाडी गल्लीत शिरली. दोन्ही बाजूनं जवान भिंतीले खेटून चालत होते, मान वर छताकडं. गाडीवरची बंदूक चालली आणि एका घराची भिंत बसली. आतलं स्वयंपाकघर दिसलं. फळीवर डबे ओळीनं ठेवलेले, एकही पडला नव्हता.

मी विचारलं, "घरातले माणसं कुठं गेले?"

"आधी वस्ती खाली करून घेतात."

"साऱ्याईले काढतात?"

"निघतात तितके निघतात."

"आमच्या महाल वस्तीतल्या गल्लीत शिरली त वळीन तरी का?"

"नाही वळत. तिथंच मरण आहे ताई. वरून कोणी काही टाकलं की गाडी गल्लीत कैदी."

"वरून कोण टाकते?"

"ज्याचं घर असते तो," म्हणे, आणि मोबाइल खिशात टाकला.

काजल मधातच विचारते, "पोलिसाईले भेटतात का भाऊ अशा गाड्या?" साऱ्या पुन्हा हसल्या. जिजाबाई म्हणे, काहून, नवरा पोलिसात पाह्यला का? ती टायरले हात लावून पाहत राहिली.

सोमवार, २६ जानेवारी

सुट्टी. टीव्हीवर परेड पाह्यली. दीक्षाचे बाबा महालातल्या दुकानात गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात, सुट्टीच्या दिवशीही मांडीवर एक बर्नर घेऊन बसतात. म्हणे, "तुहा पट्टा कुठं आहे? दिसत नाही."

"आत असते तो."

"मंग बरं आहे. काम दिसत नाही त नाव ठेवायले जागा नाही."

मले राग आला. काहून आला ते मले समजलं नाही.

बुधवार, ४ फेब्रुवारी

फौजेनं सरावासाठी खोटी वस्ती बांधली आहे म्हणे. नुसत्या भिंती आणि गल्ल्या. तिथं परवा आपल्या सीटांची गाडी वेगात चालवून पाह्यली. कोपऱ्यावर वळताना एका बाजूची चाकं मलब्याच्या ढिगावर चढली आणि गाडी आडवी झाली. आत दहा जण. नऊ जणांले पट्ट्यांनी धरून ठेवलं. दहाव्याचा खांद्यावरचा पट्टा कड्यातून सुटला आणि तो पाठीवर आपटला. बावीस वर्षाचा आहे. कमरेखाली काही समजून नाही राहिलं त्याले.

मार्तंडभाऊनं हे साऱ्याईले उभं करून सांगतलं. नाव विचारलं तर म्हणे नाव सांगता येत नाही. गाव? तेही नाही.

मशिनी बंद होत्या. पंखा किती आवाज करते ते आज समजलं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

बाहेरचे दोन साहेब आले, संगं आमच्या मालकाचा माणूस. फोटो मोठा करून आणला होता. पट्ट्याचं टोक. धागा तुटलेला नव्हता. लांबच्या लांब निघून आला होता, तांदळाच्या पोत्याचं तोंड एका ओढीत उघडते तसा. बाजूले लेबल, ३१. खाली शिक्का, १२ जानेवारी.

"एकतीस कोण?"

काजल उभी राहिली.

"बारा तारखेला तूच शिवलं?"

ती माझ्याकडं पाहीन असं मले वाटलं. तिनं टेबलावरच्या कात्रीकडं पाह्यलं. म्हणे, "नंबर माझा आहे साहेब."

हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. हजेरीची वही काढली. बारा तारखेले तिच्या नावापुढं सही होती. ती मी केलेली होती. एक वेलांटी आणि खाली रेघ.

मी उभी राहणारच होती, जिजाबाईनं मांडीवर हात दाबला असं इथं लिहिता येते. पण जिजाबाईचा हात नंतर आला. त्याच्या पहिलेच मी बसून होती.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

काजलले काढलं. तिची कात्री, ओळखपत्र जमा करून घेतलं. कंपनी पोलिसात लेखी तक्रार देणार, निष्काळजीपणाची. कागद तयार होऊन राहिला आहे म्हणे.

जाताना ती मले म्हणे, "मावशी, माझ्या मशीनचा पायडल कडक आहे, तेल टाकून घ्या."

रविवार, ८ फेब्रुवारी

घरच्या मशीनवर जुन्या पट्ट्याचा तुकडा घेऊन शिवून पाह्यला. स्क्रू ढिला ठेवून. ओढून पाह्यला, निघाला. पुन्हा शिवला. पुन्हा निघाला.

दीक्षाचे बाबा म्हणे, "काय शिवून राहिली?"

"काही नाही."

"मंग उसवून काहून राहिली?"

"तुमी आपल्या शेगडीकडं पाहा."

"पाहतोच. साबणाचं पाणी लावून पाहतो. फुगा आला त शेगडी दुकानाबाहेर जात नाही, मंग गिऱ्हाईक ओळखीचं असो का नसो."

मी तुकडा आणि कात्री त्याईच्या पुढ्यात आपटली आणि भाजी आणायले निघून गेली. घरची मशीन हलकी आहे, तिच्यावरून काही सिद्ध होत नाही. सुई भेटली असती तर हे झालंच नसतं. चेकिंगमध्ये दहातला एक पट्टा काट्यावर टांगून ओढतात, तेव्हा कसं दिसलं नाही? आणि काजल घरी काहून राहिली होती त्या दिवशी? ती आली असती तर तिनं आपले आपण शिवले असते.

मंगळवार, १० फेब्रुवारी

मार्तंडभाऊनं केबिनमध्ये बोलावलं. मले वाटलं आता आलं. पण चहा दिला. म्हणे कौसल्याताई, लाइनले एक जबाबदार बाई पाहिजे, मी तुमचं नाव वर दिलं आहे. उद्यापासून तुमी लाइनमुख्य. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणाले माझं काम दिसलं.

सुयांच्या वहीवर पाणी सांडलं म्हणे, म्हणून त्याईनं नवी वही केली. तिच्यात साऱ्यांच्या सह्या पुन्हा पाहिजे होत्या. बारा जानेवारीले माझ्या नावापुढं नवी सुई दिल्याचं लिहिलं होतं. मी म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी त भेटली नव्हती."

"भेटली असती ताई. तुमी थांबल्या नाही."

हे खरंच आहे. सही केली.

मी जवानाचं विचारलं. म्हणे, "शहरातल्या लढाईत अर्धे पोरं पट्टा लावतच नाही. लवकर उतरता यावं म्हणून. त्यानं नीट लावला होता का कोणाले माहीत."

हे ऐकून मले बरं वाटलं. मंग बसमध्ये आठवलं, लावला नसता तर टाका कशानं निघाला असता?

शनिवार, १४ फेब्रुवारी

काजलच्या घरी, कोराडीले गेली. फोन उचलत नाही तर घरीच जाते म्हटलं. तिचे बाबा पॉवर हाऊसमध्ये कंत्राटावर आहे. गल्लीत वाळत घातलेल्या कपड्याईवर राख. तिची आई पांढरी चादर झटकून राहिली होती. मले पाहून एवढी खूष झाली का मले पळून जावं वाटलं.

"तुमीच कौसल्यामावशी ना? तुमच्यामुळं झालं बाई हे. तुमी तिचे दिवस सांभाळून घेतले."

"काय झालं?"

"सांगतलं नाही का पोरीनं? पोलीस भरतीत निवड झाली ना. बारा तारखेले ग्राउंड होतं. आठशे मीटर पळाली, गोळा फेकला. घरी येऊन दोन दिवस जिना चढता येत नव्हता तिले. आता म्हणून कंपनी सोडली, ट्रेनिंगची तयारी करायची म्हणे."

मले चिवडा दिला. मी खाल्ला. नाही खाल्ला असता तर तिनं विचारलं असतं, काय झालं म्हणून.

काजल बस स्टॉपपर्यंत सोडायले आली.

"तुनं घरी सांगतलं नाही?"

"सत्तावीसले चारित्र्य पडताळणी आहे मावशी. तोवर कशाले सांगू."

"कंपनीची तक्रार गेली त?"

"त काय. पडताळणीत तक्रार दिसते, मंग निवड रद्द."

"तुह्यापाशी बारा तारखेचा काही कागद नाही का? ग्राउंडचा?"

"आहे ना. फोटोवाली चिठ्ठी आहे, वेळ टाकलेली."

"मंग दाखव ना वं पोरी. नरड्याशी आलं तरी गप काहून बसली?"

ती थांबली. मशीनवर बसली की धागा ओवताना जसं तोंड करते तसं केलं. म्हणे, "दाखवली त पहिला प्रश्न येईन, सही कोणी केली. मंग तुमी. मंग जिजाबाईंचे दिवस निघतील, मंग साऱ्याईचे. पंधरा जणी आहे मावशी. जिजाबाईंच्या नोकरीचं त एकच वर्ष राहिलं. आणि तुमी माझ्यासाठीच त केलं होतं."

तिनं विचारलं, "एक सांगा. त्या दिवशी टाका सैल लागून राहिला होता का तुमाले?"

मी म्हटलं, "धागा खराब आला होता."

ती म्हणे, "हो का." बस आली. मी चढली. खिडकीतून तिनं हात हलवला, मी हलवला का नाही आठवत नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

धागा खराब नव्हता.

लिहूनच टाकते. टाका सैल आहे हे मले त्या दिवशी दिसलं होतं. नखानं उचलून पाह्यलं होतं, उचलल्या गेला. स्क्रू आवळायचा, सुईसाठी थांबायचं, बावीस पट्टे उसवायचे, बस जाणार. माझे असते तर मी उसवले असते. चौदा नंबर लिहिलेला एकही पट्टा तीन वर्षांत माझ्या हातून असा गेला नाही. हे माझे नव्हते. लेबल तिचं होतं आणि मले तिचा राग होता, ही कुठं तरी मजा मारून राहिली आणि मी मरून राहिली म्हणून. त्या टायमाले ती मैदानावर पळून राहिली होती.

मी हे तिले तोंडावर सांगू शकली नाही. अर्धा तास होता रस्त्याचा. मले कोणाले काही सुनवायचं असलं तर अर्धा मिनिट लागत नाही.

आणि तो पोरगा. त्याच्या मायले कोणी काय सांगतलं असीन. मशीनची चूक, गाडीची चूक. मार्तंडभाऊच्या मोबाइलमध्ये ती भिंत पडली तेव्हा मी त्या घरातल्या बाईचा विचार केला, ती कुठं गेली असीन म्हणून. गाडीच्या आत बसलेल्याचा नाही केला. त्याच्या आणि जमिनीच्या मधात मी होती.

बाकीचे एकवीस पट्टे कुठं आहे?

हे आता लिहिता लिहिता आलं डोक्यात. एक सुटला. एकवीस कोणत्या गाडीत आहे, कोण बसलं आहे त्यात, कोणीच विचारलं नाही. काजलले काढलं आणि साऱ्याईनं हात धुतले. दहा दिवस झाले. मीही नाही विचारलं.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत जिजाबाईले बाहेर नळापाशी नेलं आणि सांगतलं, मी नाव देणार आहे.

"कोणाचं?"

"माझं."

"पागल झाली का वं? लाइनमुख्य केलं तुले. पोरगी लग्नाची आहे. पोलीस तुले नेतील."

"नेऊ दे."

"आणि आमी? नंबर चालवणं बाहेर आलं त मी वर्षाच्या आत घरी बसते. तुह्या पोरीच्या तापात पाच दिवस मी..."

"म्हणूनच तुहं नाव कुठं लिहीत नाही. मी एकटीनं केलं म्हणीन. एकदाच केलं म्हणीन. तिले माहीतही नव्हतं म्हणीन."

"ते मानतील?"

"न मानायले त्याईपाशी काय आहे?"

ती नळ चालू-बंद करत राहिली. मंग म्हणे, "चेकिंगची पाळी त्या दिवशी माझी होती, एकतीसचे पट्टे काट्यावर मीच ओढले. तीस पट्ट्यातले तीन. तू सुरुवातीले शिवलेलेच घेतले, तेच पटकन हाताले आले म्हणून. नंतरचे नाही घेतले."

डबे न उघडताच भोंगा झाला.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

काजलले फोन केला. उचलला. मी म्हटलं टाका सैल होता, मले दिसलं होतं, तुह्या नंबरचा म्हणून सोडला. एका दमात म्हटलं, नाही तर पुन्हा बस आली असती.

मंग म्हणे, "मले तसंच वाटलं होतं मावशी."

"शिव्या दे मंग."

"सध्या नाही येऊन राहिल्या," म्हणे, आणि फोन ठेवला.

मी दोन वेळा पुन्हा लावला. नाही उचलला. बरोबर आहे तिचं.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

आज अर्ज दिला. दोन प्रती. एक मालकाच्या ऑफिसात, एकीवर शिक्का मारून घेतला. दीक्षा म्हणे वर "विनंती अर्ज" लिही आणि खाली "आपली कृपाभिलाषी." मी नाही लिहिलं. तिनं माझ्या चुका सुधारल्या, पण दोन-चार ठिकाणी मी पुन्हा आपलंच टाकलं. वाचता वाचता ती रडली. तिचे बाबा म्हणे, "कागद पावसात भिजल्यासारखा नको करू, साहेबाले द्यायचा आहे." मंग स्वतःच घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीत टाकून दिला, आणि दुकान बंद ठेवून ऑफिसच्या फाटकापर्यंत संगं आले.

अर्जाची नक्कल इथं ठेवते.

"मालकसाहेब,

मी कौसल्या, शिलाई विभाग, नंबर चौदा. १२ जानेवारीला काजल कामावर नव्हती. त्या दिवशी तिच्या नावापुढची सही मी केली आणि एकतीस नंबरचे तीस पट्टे मी शिवले. तिला हे माहीत नव्हतं. दुसऱ्या कोणाचा यात संबंध नाही.

त्यातले शेवटचे बावीस पट्टे सैल टाक्याचे आहे. सुई बोथट होती म्हणून मी धाग्याचा स्क्रू ढिला केला होता. टाका सैल आहे हे मला दिसलं होतं तरी सोडले. सुयांच्या नव्या वहीत त्या दिवशी मले सुई दिली असं लिहिलं आहे आणि खाली माझी सही आहे. ती सही मी १० फेब्रुवारीला केली, सुई भेटली नव्हती. मार्तंडभाऊंचा यात काही दोष नाही, ते पाहुण्यांसोबत होते आणि कपाटाची चाबी त्यांच्याजवळ होती. त्यांनी मला लाइनमुख्य केलं तेही परत घ्या.

मला चार गोष्टी पाहिजे. एक, काजलच्या नावाची तक्रार पोलिसात देऊ नका, दिली असली तर परत घ्या आणि माझ्या नावाची द्या. तिची पडताळणी २७ तारखेला आहे, त्याच्या आत. दोन, १२ तारखेचा शिक्का असलेले एकतीस नंबरचे बाकीचे एकवीस पट्टे ज्या ज्या गाडीत आहे त्या गाड्या उभ्या करा, आणि पट्टे काढले असं फौजेकडून लिहून घ्या. त्यात पोरं बसतात. तीन, काजलला कामावर परत घ्या, मग ती येवो का न येवो. चार, तो जवान कोणत्या दवाखान्यात आहे ते मला सांगा. नाव नाही सांगायचं तर नका सांगू, पण दवाखाना सांगा. मी त्याच्या आईला भेटणार आहे.

मी कुठं पळून जात नाही. महालात राहते, पत्ता खाली आहे. कामावर येऊ द्याल तोवर रोज येईन. उत्तर नाही आलं तर बुधवारी मी स्वतः पोलीस ठाण्यात आणि फौजेच्या ऑफिसात हाच कागद घेऊन जाईन.

आज शुक्रवार आहे. शनिवार, रविवार ऑफिसची सुट्टी धरली, सोमवार विचाराला धरला. मंगळवार, २४ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत चारही गोष्टींचं लेखी उत्तर द्या. तोंडी उत्तर मी घेणार नाही."